उंबऱ्याबाहेरचा चहा

आईनं बत्ताशाच्या जिभेवर चमचाभर दही ठेवलं, तेव्हा आमचं भांडण ऐन रंगात आलं होतं.

"दही कशाला देतेस? परीक्षेला निघालाय का तो?"

"घरातनं निघालेल्याला द्यायचं असतं."

"निघालेला परत यावा म्हणून देतात. तू त्याला कायमचा घालवतेयस."

बत्ताशानं शेपूट हलवत नाक चाटलं आणि वाटीत अजून किती आहे ते वाकून बघितलं. आपल्याला घराबाहेर काढतायत हे त्याच्या गावीही नव्हतं. दही मिळतंय ना, मग झालं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण त्या रविवारी सकाळी मला आईचा किती राग आला होता ते अजून तसंच आठवतं. कोल्हापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कामाला होते. वडील गेल्यावर आईला निपाणीहून माझ्याकडे आणलं, तर ती आली आणि खिडकीत बसली. बसली ती बसलीच. वाढलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. मग एके दिवशी भाजी मंडईच्या बाहेर हे पांढरं, पोटाकडं गोलमटोल गावठी कुत्र्याचं पिल्लू तिच्या चपलेवर येऊन बसलं आणि उठेना. मी त्याला घरी आणलं. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायला लागायचं, मी लॅबमध्ये, मग फिरवणार कोण? कुरकुरत का होईना, आई पायात चपला सरकवू लागली. दोन-तीन महिन्यांत तळ्याच्या काठावरच्या सगळ्या म्हाताऱ्या तिच्या मैत्रिणी झाल्या. बत्ताशानं आईला खिडकीतून उठवलं होतं, आणि आता आईच त्याला घालवायला निघाली होती.

याच पोराच्या पायी आमचं आधीचं भाड्याचं घर सुटलं होतं. म्हणून हे घर घेताना मी पहिल्याच फोनवर घरमालकांना सांगून टाकलं की आमच्याकडे कुत्रा आहे. घरमालक म्हणजे खोत सर, गारगोटीकडचे निवृत्त शाळामास्तर. पलीकडं बराच वेळ शांतता. फोन कट झाला असं मला वाटलं.

"बांधलेलं असतंय न्हवं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दारातून बाहेर काढताना दोरी असतेच, सर."

मग म्हणाले, "घर झाडून-पुसून ठेवा. बाकी आत काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

किल्ली द्यायला आले तेही खाली फाटकाशीच थांबले. त्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी त्यांनी कधी घरात पाऊल टाकलं नाही. आई म्हणायची, "असा निर्लोभी मालक शोधून सापडायचा नाही."

मालक लाखात एक, पण सोसायटी? लिफ्टशेजारच्या फळ्यावर एक दिवस पाटी लागली : 'भाडेकरूंना पाळीव प्राणी ठेवण्यास सक्त मनाई आहे.' खाली सेक्रेटरी नलवडे यांची सही. नलवडे म्हणजे पाठीचा कणा इस्त्री केलेला माणूस. मी त्यांना जिन्यातच गाठलं.

"सर्वात वरच्या मजल्यावर ब्रुनो आहे, त्याचं काय?"

"ते मालक आहेत."

"कोण? ब्रुनो?"

नलवडे हसले नाहीत. "मॅडम, रविवारी मीटिंग आहे. तुमच्या मालकांना बोलावलंय. एकतर कुत्रं जाईल, नाहीतर भाडेकरू जाईल. काय ते त्यांनीच ठरवू दे."

सोसायटीला अशी सरसकट बंदी घालता येत नाही, असं मी कुठून कुठून वाचून, छापून आणलं होतं. कागदांचा तो गठ्ठा बघूनच आई घाबरली. मी दिवसभर लॅबमध्ये असायचे आणि तिला रात्री झोप लागेना. शेवटी मला न विचारता तिनं आमच्या दत्तू गवळ्याशी बोलणं केलं. पंचगंगेच्या पलीकडं वडणग्याच्या वाटेवर त्याचा गोठा होता. "जनावरांत जनावर राहील की," दत्तू म्हणाला आणि रविवारी सकाळी टेम्पो घेऊन हजर झाला.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," आई मला म्हणाली. "परत घरं शोधत फिरायची ताकद न्हाई माझ्यात. आणि त्या भल्या माणसाला आपल्यापायी चार लोकांत बोलणी खायला लागायला नकोत."

टेम्पोत चढताना बत्ताशा खूश होता. गाडीतून फिरायला निघालो असंच त्याला वाटलं असणार. टेम्पो वळणावर गेला तेव्हा मात्र तो मागं वळून एकदाच भुंकला. आई वर आली, दोरी खुंटीला लावली आणि खिडकीत जाऊन बसली. आधीच्या घरात बसायची अगदी तशीच.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर खोत सर. पांढरा शर्ट, काखेत छत्री, हातात पेढ्यांचा पुडा. दारापासून चांगले लांब, जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते आणि माझ्या खांद्यावरून आत बघत होते.

"येऊ का आत?"

"सर, विचारताय काय? तुमचंच घर."

"घर माझं असलं तरी दार तुमचं हाय, बाळ."

आले ते खुर्चीत बसले आणि दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. "एसटीत पाय अवघडले," म्हणाले. आईनं पाणी दिलं. ते पीत असताना त्यांची नजर सोफ्याखाली, पडद्यामागं, स्वयंपाकघराच्या दारात अशी भिरभिरत होती. मला वाटलं, घर कसं ठेवलंय ते बघतायत.

"ते... हे कुठाय? तुमचं?"

"पाठवला, सर," आई म्हणाली. "सकाळीच, वडणग्याच्या वाटेवरच्या गवळ्याकडं. आता तुम्हाला काही त्रास न्हाई."

सरांनी मोठा श्वास सोडला आणि पाय खाली ठेवले. मला वाटलं, झालं, यांचाही जीव भांड्यात पडला. पण पाय जमिनीला टेकले न टेकले तोच त्यांचा चेहरा बदलला.

"पाठवला म्हंजे? कुणी सांगितलं पाठवायला? मी सांगितलं?"

"तुम्ही कशाला सांगाल? पण पाण्यात राहून माशाशी–"

"वहिनी, तुम्ही पाण्यात न्हाई ऱ्हात. घरात ऱ्हाताय."

आईला वाटलं होतं, सर आभार मानतील. सरांनी पेढ्याचा पुडा तिच्या हातात दिला, छत्री उचलली आणि म्हणाले, "चला मीटिंगला."

मीटिंग पार्किंगमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मालकांना, भाडेकरू मागं स्कूटरींना टेकून. असा काही लेखी नियम नव्हता, पण खुर्च्या मोजूनच मांडल्या जायच्या आणि कुणीतरी भाडेकरू बसला की नलवडे त्याच्याकडं बघून घसा साफ करायचे. मी आणि आई मागं उभ्या राहिलो.

कुत्र्याचा विषय येताच नलवडे प्रसन्न झाले. "हा विषय आपोआप निकाली निघालेला आहे. संबंधित कुत्रं आज सकाळी गेलं. धन्यवाद. पुढचा विषय, पाण्याची टाकी."

खोत सर उभे राहिले. "विषय निकाली न्हाई निघालेला."

"सर, बसा. कुत्रं गेलंय."

"कुत्रं गेलंय. पाटी गेली न्हाई."

"पाटी नियमाची आहे."

"व्हय. नियमावरच बोलायचंय मला." सरांनी छत्री खुर्चीला अडकवली. वर्गात फळ्यापुढं उभे राहावेत तसे ते उभे राहिले. "आधी एक विचारतो. स्वतःचं घर घेण्याआधी भाड्यानं कोण कोण राहिलंय? हात वर करा."

कुणी हलेना. मग मागच्या रांगेतल्या एका म्हातारबांनी हात वर केला. मग त्यांच्या शेजारणीनं. बघता बघता जवळजवळ सगळे हात वर. नलवडेंचे हात मात्र फाईलवर होते.

"मी तर नोकरीभर भाडेकरू," सर म्हणाले. "दर बदलीला नवं गाव, नवा मालक. एका गावात मालक न विचारता आत यायचे आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलून बघायचे. मटण शिजतंय का बघायला! आमची ही घास हातात धरून तशीच बसायची. आता सांगा, तुमच्या मालकांनी काय काय बंद केलं होतं?"

"भिंतीला खिळा!" एक बाई पटकन म्हणाल्या. "लग्नातला फोटो आम्ही चार वर्षं जमिनीवर टेकवून ठेवला."

"पाहुणा रात्री राहायचा न्हाई," दुसरं कुणीतरी. "सासरे आले तर लॉजवर."

"आमचं पोरगं रडलं तर मालकीणबाई खालनं काठीनं छत वाजवायच्या!"

"कशानं? काठीनं?"

"केरसुणीच्या दांड्यानं ओ!"

मग काय, जो तो सुटला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. लोक एकमेकांचं ऐकून हसत होते, "आमच्या मालकापुढं तुमचा काहीच नाही" अशी चढाओढ लागली. नलवडे दोनदा "विषय सोडून बोलू नका" म्हणाले, पण त्यांना विचारतो कोण.

सर त्यांच्याकडं वळले. "नलवडेसाहेब, तुम्ही?"

"माझा काय संबंध?"

"कधीच भाड्यानं न्हाई राहिलात?"

नलवडेंनी फाईल बंद केली. उघडली. परत बंद केली. "लहानपणी," ते म्हणाले. "आई चटणी कुटायला लागली की मालक ओरडायचे. उखळ वाजवायचं नाही म्हणून. मग ती मिरच्यांचं डालगं डोक्यावर घेऊन मामाच्या परड्यात जायची. उन्हाचं." एवढं बोलून ते थांबले. त्यांचा आवाज नेहमीसारखा इस्त्रीचा राहिला नव्हता.

"मग?" सरांनी मऊपणानं विचारलं.

"मग काय. चटणी करायची."

कुणी हसलं नाही.

"माझं म्हणणं एवढंच हाय," सर म्हणाले. "जिना, लिफ्ट, अंगण सगळ्यांचं. तिथं नियम करा, कडक करा. दोरी पायजे, लस टोचलेली पायजे, घाण केली तर उचलली पायजे. मालकाच्या कुत्र्यालाही आणि भाडेकरूच्याही. पण दाराच्या आत कोण काय पाळतंय आणि पातेल्यात काय शिजतंय, ते बघायला आपण जायचं न्हाई. आज कुत्रं बघितलं, तर उद्या झाकण उचलायला किती वेळ?"

पुढच्या खुर्चीतल्या वकीलबाई म्हणाल्या, "अशी सरसकट बंदी घालता येत नाही, हे मी मागेच सांगितलं होतं." मी माझ्या छापील गठ्ठ्याकडं बघितलं. त्याची घडीसुद्धा उघडायची वेळ आली नव्हती.

"ठराव कोण मांडतंय?" नलवडेंनी विचारलं.

"मी मांडतो," सर म्हणाले. "अनुमोदन?"

मीटिंगमध्ये हसणं वेगळं आणि अनुमोदनाला नाव देणं वेगळं. नाव लिहिलं जातं. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मी भाडेकरू, मला हात वर करता येत नव्हता. असं हतबल आयुष्यात फार कमी वेळा वाटलं मला.

नलवडेंनी पेन उघडलं, मान खाली घातली आणि स्वतःचं नाव लिहिलं. "अनुमोदक, सेक्रेटरी," ते कुणाकडं न बघता म्हणाले. "पुढचा विषय, पाण्याची टाकी."

पाटी निघाली. फक्त ब्रुनोच्या मालकांचं तोंड उतरलं, कारण ब्रुनो आजवर बिनदोरीचाच फिरत होता.

वर आल्यावर आई मटकन खाली बसली. "बैल गेला अन् झोपा केला," म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "मीच घालवला माझ्या हातानं. मालकाला चालत न्हाई, असं खोटंच सांगितलं दत्तूला."

"बैल कुठं गेलाय? वडणग्याच्या वाटेवर तर हाय," सर म्हणाले. "रिक्षा बघ, बाळ."

"मी जाऊन आणते की, सर. तुम्ही दमलाय."

"तो गवळी द्यायचा न्हाई तुला. वहिनींनी त्याला सांगितलंय, मालकाला चालत न्हाई म्हणून. आता मालकानंच जाऊन सांगायला पायजे की चालतंय."

आई आली नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढं?" म्हणाली. मग आम्ही दोघंच निघालो. पूल ओलांडला, उसाच्या फडांमधून रिक्षा गोठ्याशी थांबली. सर उतरले, पण रिक्षाची दांडी काही सोडली नाही. तिथूनच ओरडून त्यांनी दत्तूला सांगितलं की मी मालक, माझी काही हरकत नाही, कुत्रं परत द्या.

दत्तूनं दावं सोडलं. बत्ताशा म्हशींच्या पायांतून उधळत आला, माझ्या अंगावर चढला, उतरला, पुन्हा चढला आणि थेट रिक्षात. मी पाठोपाठ बसले. सर शेवटी बसले, अगदी कडेला. बत्ताशाला मायेचं माणूस लगेच कळतं असं आई म्हणते. त्या दिवशी त्यानं सगळा देह आमच्या दोघांवर पसरला आणि डोकं नेमकं सरांच्या मांडीवर ठेवलं.

पुलापर्यंत मी माझ्याच आनंदात होते. मग सरांकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. बघते तर त्यांचे दोन्ही हात वर, रिक्षाच्या टपाची कांब घट्ट धरलेली. डोळे मिटलेले. कपाळावर घाम.

"एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

"सर? काय होतंय?"

"काय न्हाई. ह्याचं तोंड जरा तुझ्याकडं वळतंय का बघ."

मी बत्ताशाचं डोकं ओढून घेतलं. सरांनी एक डोळा उघडला.

"सर, तुम्हाला कुत्र्याची भीती वाटते?"

"भीती?" त्यांनी पॅन्टचा पाय जरा वर केला. पोटरीचा एक तुकडाच नव्हता, तिथं नुसती ओढलेली, चकचकीत कातडी होती. "दुसरीत होतो. तवापासनं लांबून जरी दिसलं तरी मी रस्ता बदलतो."

फोनवरची ती शांतता, फाटकाशी दिलेली किल्ली, खुर्चीत वर घेतलेले पाय, सगळं मला एकदम कळलं. निर्लोभीपणा कसला, माणूस वर्षभर स्वतःच्या घरात यायला घाबरत होता! मला हसू आलं आणि मी बत्ताशाला अजून जवळ ओढलं.

"मग फोनवर नाही का म्हणाला नाहीत? आज एवढं भांडलात, ते तरी कशासाठी?"

रिक्षा पुलाच्या उतारावर होती. बत्ताशानं पुन्हा मान वळवून सरांच्या गुडघ्याचा वास घेतला. सरांनी डोळे मिटून घेतले आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलले.

"मला आवडतंय म्हणून ठेवू दिलं, तर ती माझी मर्जी झाली, बाळ. हक्क कसा व्हईल? ...एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

फाटकाशी रिक्षा थांबली तशी बत्ताशानं उडी मारली आणि जिना चढून वर. वरून आईचा जो आवाज आला, तो रडण्याचा की हसण्याचा ते मला सांगता यायचं नाही. आम्ही पोचलो तर ती दारात फतकल मारून बसली होती आणि तो तिचं तोंड, कान, चष्मा सगळं चाटत होता. "गुण आला बघ दह्याला," ती मला म्हणाली. सकाळी भांडलो होतो हे दोघीही विसरलो.

मग तिला पाहुण्याची आठवण झाली. लगबगीनं चहा टाकला, बशीत पेढे ठेवले. सर आत आले नव्हते. जिन्याच्या कठड्याला टेकून, दारापासून चार हात लांब उभे होते.

"सर, या की आत. बाहेर काय उभं ऱ्हायचं? तुमचंच घर न्हवं का?"

"असू दे, वहिनी. इथं वारा बरा लागतोय."

त्या जिन्यात वाऱ्याला यायला खिडकीसुद्धा नव्हती. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी हात लांब करून कपबशी दिली, त्यांनी हात लांब करून घेतली. उंबऱ्याच्या आत बत्ताशा पुढच्या पायांवर हनुवटी टेकून त्यांच्याकडं प्रेमानं बघत होता.

खालून फाईल घेऊन नलवडे वर येत होते. ते थबकले. "अहो सर, तुम्ही बाहेर का? स्वतःचं घर असून?"

सरांनी चहाचा घोट घेतला. पाय जिन्याच्या दिशेनंच ठेवले होते.

"आत भाडेकरू हायत," ते म्हणाले.